एका वेळी एकच चौकट: 'पर्सेपोलिस' वर्गात कसं घ्यावं

चित्रांतून सांगितलेलं आत्मचरित्र इंग्रजीच्या वर्गात घेतलं की पहिली अडचण येते ती वेगाची. मजकूर थोडा, चित्रं भरपूर. मुलं भराभर पानं उलटतात आणि 'गोष्ट कळली, मॅडम' म्हणून पुस्तक मिटतात. गोष्ट त्यांना कळलेली असतेच, चित्र बघायचं तेवढं राहून गेलेलं असतं. मी एफवायबीएला मार्जान सात्रापी यांचं 'पर्सेपोलिस', म्हणजे त्यांच्या इराणमधल्या बालपणाची चित्रकथा, घेते, त्यातला पहिला भाग, आणि माझी सगळी पद्धत एकाच नियमावर उभी आहे: सगळ्या पुस्तकाबद्दल लिहायचं नाही, एका चौकटीबद्दल, म्हणजे पानावरच्या एकाच चित्राबद्दल लिहायचं.

आधी थोडी तयारी. इराणचा इतिहास मी एका पानात बसवून देते. 1953 मध्ये पंतप्रधान मोसादेक यांचं सरकार अमेरिका आणि ब्रिटनच्या हातभाराने उलथवलं गेलं, 1979 मध्ये क्रांती झाली आणि शाहाची, म्हणजे तिथल्या राजाची, सत्ता गेली, सप्टेंबर 1980 मध्ये इराकने हल्ला केला आणि ते युद्ध 1988 पर्यंत चाललं. लेखिकेचा जन्म 1969 चा, म्हणजे 1980 मध्ये पुस्तक सुरू होतं तेव्हा ती दहा वर्षांची आहे. एवढं पुरतं. बाकीचं पुस्तकच सांगतं, आणि आपण आधीच सगळं सांगून टाकलं तर मुलं चित्रात आपलंच व्याख्यान शोधत बसतात. एखादं चौकस पोर हमखास विचारतं, फारसी उजवीकडून डावीकडे वाचतात, मग या चौकटी डावीकडून का? तर पुस्तक मुळात फ्रेंचमध्ये लिहिलं गेलं आणि 2000 ते 2003 या काळात चार भागांत फ्रान्समध्ये निघालं, हे उत्तर तेव्हा द्यावं.

आता वही. पाच जणांच्या गटाला एक दोनशे पानी वही द्या. ती गटात फिरते. ज्याच्याकडे वही येईल त्याने त्या आठवड्याच्या प्रकरणातली एकच चौकट निवडायची, वर प्रकरणाचं नाव आणि पान क्रमांक टाकायचा आणि समोरासमोरची दोन पानं वापरायची. डाव्या पानावर जे दिसतं ते, उजव्या पानावर जे वाटतं ते. डावं पान भरल्याशिवाय उजव्याला हात लावायचा नाही.

डाव्या पानाबाबत मी फार कडक असते. 'ती दुःखी आहे' हे तिथे चालत नाही. भुवया कशा आहेत, तोंडाची रेघ कुठे वळली आहे, हात कुठे आहेत, मागची भिंत काळी आहे की पांढरी, हे लिहायचं. हे पुस्तक निव्वळ काळं-पांढरं आहे, मधल्या राखाडी छटा नाहीत, त्यामुळे काळा रंग कुठे ओतला आहे हे नुसतं टिपलं तरी अर्ध काम होतं. शिवाय डावं पान इंग्रजीतच हवं. मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे बिचकत नाहीत, कारण वाक्यं साधी असतात: कोण बसलंय, हातात काय आहे, कोण कोणाकडे बघतंय. उजवं पान मात्र ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहू द्या. विचार आधी होऊ दे. इंग्रजी नंतर दोघांनी मिळून करता येतं. इंग्रजीच्या तासाला मराठी लिहू देते म्हणून सहकाऱ्यांनी नाकं मुरडली, तरी मी हे सोडलेलं नाही, कारण खरी निरीक्षणं तिथेच सापडतात.

पुढच्याने वही हातात घेतली की आधीच्या नोंदीखाली उत्तर लिहायचं. 'छान लिहिलंस' हे उत्तर धरत नाही. एक प्रश्न विचारायचा, नाहीतर चित्राकडे बोट दाखवून मतभेद मांडायचा.

पहिली चौकट सगळ्या वर्गाने मिळून करावी. सुरुवातीच्याच पानावर दहा वर्षांची मार्जी, म्हणजे लहानपणची लेखिका, डोक्यावर स्कार्फ घेऊन एकटी समोर बसली आहे. शेजारच्या चौकटीत वर्गाचा फोटो आहे, मैत्रिणी ओळीने दिसतात, आणि ही स्वतः डाव्या कडेला कापली गेली आहे. आत्मचरित्राच्या पहिल्याच पानावर लेखिका स्वतःला चौकटीबाहेर का ढकलते? हा प्रश्न फळ्यावर लिहून मी गप्प बसते. इथेच आणखी एक गोष्ट दाखवून द्या: वरच्या पट्टीतला मजकूर मोठी झालेली मार्जान बोलते, पात्राच्या तोंडाजवळच्या फुग्यातला छोटी मार्जी. प्रत्येक नोंदीत 'हे कोण बोलतंय' याचं उत्तर असलंच पाहिजे. आठवणीतून लिहिणं म्हणजे काय हे मुलांना या दोन आवाजांतून जितकं कळतं, तितकं माझ्या कुठल्याही टिपणांतून कळलेलं नाही.

आणि 'द की' हे प्रकरण काही झालं तरी घाईने उरकू नका. घरकाम करणाऱ्या नसरीनबाईंच्या मुलाला शाळेत सोनेरी रंगाची प्लास्टिकची किल्ली मिळते. युद्धात मेलास तर हिने स्वर्गाचं दार उघडेल, असं त्याला सांगितलेलं असतं. प्रकरणाच्या शेवटच्या पानावर वर मोठी चौकट आहे: सुरुंगांच्या स्फोटात उडालेली पोरं, सगळ्या काळ्या आकृत्या, चेहरे नाहीत, गळ्यात किल्ल्या. तिच्याखाली मार्जीची पहिली पार्टी. आईने विणून दिलेला भोकाभोकांचा स्वेटर, गळ्यात साखळ्या आणि खिळ्यांची माळ, मुलं नाचताहेत. दोन्ही चौकटींत हातपाय तसेच हवेत फेकलेले आहेत. माझ्या एका विद्यार्थिनीने डाव्या पानावर फक्त गळ्यांची यादी केली होती: वर कोणाच्या गळ्यात काय, खाली काय. उजव्या पानावर तिचं एकच वाक्य होतं, 'गरिबाच्या गळ्यात किल्ली, हिच्या गळ्यात फॅशन.' तिच्याखाली गटातल्या मुलाने लिहिलं, पण मग हे लेखिकेनेच शेजारी ठेवलंय, म्हणजे तिला ते टोचतंय. त्या दिवशी मला काही शिकवावं लागलं नाही.

काही पथ्यं पाळावी लागतात. 'द हीरोज' मध्ये छळाची चित्रं आहेत, त्याची कल्पना आधीच द्या. ज्याला बघवत नाही त्याला दुसरी चौकट घेऊ द्या, कारण विचारू नका. बुरख्याची चर्चा निघाली की सगळा वर्ग वळून मुस्लिम मुलींकडे बघतो, ते तिथल्या तिथे थांबवा. त्यांनी कोणाच्या वतीने बोलायचं नाही. पुस्तक एका देशातल्या एका मुलीचं आहे, प्रश्न तिच्या चौकटीला विचारायचे.

तपासताना मी इंग्रजीच्या चुकांवर लाल शाई चालवत नाही. डाव्या पानाला निम्मे गुण, उरलेले उजव्या पानाला आणि दुसऱ्याला दिलेल्या उत्तराला. जी चूक पुन्हा पुन्हा दिसते ती पुढच्या तासाला सगळ्यांसाठी फळ्यावर घेते.

सत्राच्या शेवटी प्रत्येकाने स्वतःच्या आठवणीचं एक पान काढायचं: चार चौकटी, काळं पेन, काडीची माणसंही चालतील. वरच्या पट्टीत आजचा मी, फुग्यात तेव्हाचा मी. हे पान वहीत चिकटवू नका, सुट्टंच ठेवा. मुलं घरातलं खरं लिहितात, वडिलांचं पिणं, विकलेली म्हैस, मोडलेलं लग्न, आणि वही पाच घरांत फिरलेली असते. वर्गात लावायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. ज्यांची पानं लागत नाहीत त्यांचे गुण कापायचे नाहीत.