अस्वलाच्या शिकारीची हकीकत कशी लिहावी

शिकारीहून परतून निवांत लिहायला बसेपर्यंत अस्वल एक-दोन फुटांनी वाढलेलं असतं. सांगणारा खोटं बोलत असतो असं नाही. भीतीच्या क्षणी जवळचं जनावर आणखी जवळ दिसतं, मोठं आणखी मोठं दिसतं, आणि आठवण तेच चित्र धरून ठेवते. म्हणून हकीकतीचं निम्मं काम रानातच, त्याच दिवशी उरकावं लागतं. त्याला वही, घड्याळ आणि मोजपट्टी पुरते.

इथे अलास्कातला कोडियाक द्वीपसमूह समोर ठेवला आहे. तिथली तपकिरी अस्वलं जगातल्या सर्वांत मोठ्या अस्वलांपैकी आहेत. त्यांची संख्या सुमारे ३,५०० आहे आणि मोठा नर ६८० किलोपर्यंत भरतो. रस्ते मुख्य बेटाच्या एका कोपऱ्यापुरते आहेत. पुढे बोट नाहीतर पाण्यावर उतरणारं छोटं विमान, आणि तिथून पायी.

नमुना म्हणून ५ मे १८०५ ची एक नोंद पाहा. आजच्या मोंटाना राज्यात, मिझुरी नदीकाठी, पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेल्या मोहिमेतल्या विल्यम क्लार्क आणि जॉर्ज ड्रुयार यांनी एक ग्रिझली, म्हणजे मुख्य भूमीवरचं तपकिरी अस्वल, मारलं. मोहिमेचा प्रमुख मेरिवेदर लुईस याने त्याच दिवशीच्या डायरीत मापं लिहिली: नाकापासून मागच्या पायाच्या टोकापर्यंत ८ फूट ७½ इंच, छातीचा घेर ५ फूट १०½ इंच, मानेचा ३ फूट ११ इंच, नख्या ४⅜ इंच. फुप्फुसातून पाच गोळ्या गेलेल्या, आणखी पाच इतरत्र लागलेल्या, तरी जनावर अर्ध्याहून जास्त नदी पोहून वाळूच्या बेटावर गेलं आणि मरायला किमान वीस मिनिटं लागली. अंगावर न येता ते पळालं, हेही त्याने लिहिलं. वजन करायला साधन नव्हतं, म्हणून क्लार्कचा अंदाज ५०० पौंड आणि आपला १०० पौंड जास्त, असे दोन्ही आकडे त्याने शेजारी शेजारी ठेवले. दोनशे वर्षांनीही ते अस्वल डोळ्यांसमोर उभं राहतं, कारण काय मोजलं आणि काय अंदाजलं हे त्यात वेगळं कळतं.

वही आणि तिच्यातल्या खुणा

पाण्याने न भिजणाऱ्या कागदाची खिशात मावेल अशी वही घ्या आणि दोन शिसपेन्सिली. शाईचं पेन पावसात फुटतं, थंडीत अडतं. तीन मीटरची कापडी नव्हे, फायबरग्लासची पट्टी बाळगा. ओलं कापड ताणतं आणि माप चुकतं. अंतरासाठी लेझरचा अंतरमापक हवा. झाडं नसलेल्या उघड्या डोंगरउतारावर नुसत्या नजरेचा अंदाज हमखास फसतो. निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचं घड्याळ मनगटी घड्याळाशी जुळवा, म्हणजे पुढे फोटोवरून घटनांचा क्रम लावता येतो.

समासात तीन खुणा ठरवून घ्या: ‘पा’ म्हणजे स्वतः पाहिलं, ‘ऐ’ म्हणजे वाटाड्याने किंवा सोबत्याने सांगितलं, ‘अं’ म्हणजे अंदाज. नोंद साधारण अशी असावी:

सकाळ ६:४०. वारा वायव्येचा, गालाला जाणवेल इतका. भुरभुर पाऊस. समोरच्या धारेखाली एकटं अस्वल, ९२० मीटर (मापकाने). उतारावर खणत होतं (पा). नर असावा (अं). ७:१५ ला आल्डरच्या झुडपांत शिरलं, पुन्हा दिसलं नाही.

अशा नोंदी दिवसात चार-पाच पुरतात. वारा मात्र प्रत्येक नोंदीत हवाच, कारण अस्वल सर्वांत जास्त भरवसा नाकावर ठेवतं. जवळ जाण्याचा डाव बहुतेक वेळा वारा फिरल्यामुळे फसतो. हकीकतीत वारा नसेल, तर जनावर अचानक का उठून गेलं ते वाचणाऱ्याला कळत नाही आणि सगळं नशिबावर जातं.

कायद्याच्या चौकटीतला काळ

जाणत्या वाचकाची नजर आधी तारखांकडे जाते. कोडियाकचा हंगाम वर्षातून दोनदा असतो: १ एप्रिल ते १५ मे आणि २५ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर. बहुतेक परवाने सोडतीने मिळतात. अलास्काबाहेरच्या शिकाऱ्याला तपकिरी अस्वलासाठी परवानाधारक वाटाड्या किंवा अलास्कात राहणारा जवळचा नातेवाईक सोबत लागतो. परदेशी माणसाला वाटाड्याच लागतो. पिल्लांना आणि पिल्लंवाल्या मादीला मारायला बंदी आहे.

लिहिणारे एका ठिकाणी हमखास अडकतात. विमानातून उतरल्याच्या दिवशी अस्वल मारता येत नाही; दुसऱ्या दिवशी पहाटे ३ नंतरच बंदूक उचलायची. आकाशातून जनावर हेरून लगेच खाली उतरून मारू नये, म्हणून हा नियम आहे. गोष्ट आटोपशीर करण्याच्या नादात कुणी ‘दुपारी उतरलो, संध्याकाळी अस्वल पाडलं’ असं लिहिलं, तर तो गुन्ह्याचा कबुलीजबाब होतो. मधली तळावरची रात्र गाळू नका. प्रसंगही तिथे भरपूर असतात: अन्न तंबूपासून दूर ठेवणं, तळाभोवती विजेचं कुंपण ताणून ते चालतंय का तपासणं, मोकळ्या माळावर वाऱ्यात तंबू घट्ट रोवणं.

ऋतूचंही भान हवं. मेच्या सुरुवातीला तिथे दिवस सुमारे १६ तासांचा असतो, ऑक्टोबरअखेर जेमतेम ९ तासांचा. वसंतात नर आधी गुहेबाहेर पडतात, पिल्लंवाल्या माद्या सर्वांत शेवटी. हिवाळी झोपेतून उठलेल्या अस्वलाचं वजन शरदातल्या वजनाहून बरंच उतरलेलं असतं, तेव्हा एप्रिलच्या हकीकतीत ‘चरबीने थुलथुलणारं’ जनावर आलं की लिहिणाऱ्याने ते नीट पाहिलं नाही हे कळतं.

वाट पाहणं

दहा दिवसांच्या शिकारीत नऊ दिवस टेकडीवर बसून दुर्बिणीतून उतार विंचरण्यात जातात. तीन दिवस धुक्याने तळ सोडू दिला नाही, हे एका ओळीत सांगून मोकळं व्हा. पण एक सकाळ निवडा आणि ती सावकाश लिहा: काच पुसून पुसून ओला झालेला रुमाल, डावीकडून उजवीकडे पट्ट्या पाडून उतार पाहण्याची रीत, तासाभराने खडक म्हणून सोडून दिलेला ठिपका हलणं. तेवढ्याने बाकीचे आठ दिवस वाचकाच्या अंगावर येतात.

अस्वल खरोखर काय करतं

सर्वांत जास्त चुका इथे होतात. मागच्या पायांवर उभं राहिलेलं अस्वल हल्ला करत नसतं. ते पाहत आणि हुंगत असतं. फुसकारे टाकणं, जबडा कटकट वाजवणं, लाळ गळणं या अस्वस्थपणाच्या खुणा आहेत. अंगावर येऊन मध्येच थांबणारी किंवा बाजूला वळणारी धाव म्हणजे हूल. ‘हूल दिली’ आणि ‘हल्ला केला’ हे दोन वेगळे प्रसंग आहेत, एकाच्या जागी दुसरा लिहू नका. अस्वलाला नीट दिसत नाही हाही गैरसमज आहे. त्याची नजर साधारण माणसाच्या तोडीची असते.

धावेचं गणित लिहिण्याआधी करून पाहा. तपकिरी अस्वल ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने धावतं, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. तीस मीटरवरून निघालेलं जनावर दोन सेकंदांत पोचतं. एवढ्यात दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढून पुढचं काडतूस भरायच्या रायफलीतून चार गोळ्या सुटत नाहीत. तुमच्या आठवणीत चार असतील, तर अंतर जास्त होतं किंवा गोळ्या कमी होत्या. रिकामी काडतुसं मोजून घेतलीत, तर प्रश्न जागच्या जागी सुटतो.

मुख्य भूमीवरची हकीकत असेल तर ग्रिझली की काळं अस्वल, हे रंगावरून ठरवू नका. काळी अस्वलं तपकिरीही असतात. खांद्यावरचा उंचवटा, कपाळाखाली खोलगट चेहरा, लांब आणि फारशा न वळलेल्या नख्या या ग्रिझलीच्या खुणा. कोडियाकवर हा प्रश्नच नाही, तिथे काळं अस्वल नसतं.

मापं

तीन मापं आहेत आणि तिघांची गल्लत होते.

ठसा: पुढच्या पंज्याच्या गादीची रुंदी इंचांत मोजा आणि त्यात एक मिळवा; कातडं साधारण तितक्या फुटांचं भरतं. सात इंची गादी, आठ फुटी अस्वल. हा रानातला अडाखा आहे, नियम नाही. पातळ चिखलात आणि वितळत्या बर्फात ठसा पसरतो, म्हणून घट्ट मातीतला शोधा आणि जमीन कशी होती तेही लिहा.

कातडं: नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी आणि पुढच्या दोन पंज्यांच्या नख्यांमधली रुंदी यांची बेरीज करून दोनने भागायचं. ‘दहा फुटी अस्वल’ म्हणतात ते हे. उभ्या अस्वलाची ती उंची नव्हे. ताजं कातडं ओढावं तसं वाढतं, तेव्हा ते सपाट पसरून, न ताणता मोजा आणि ‘न ताणता’ हा शब्द वहीत टिपा.

कवटी: लांबी अधिक रुंदी. विक्रमांच्या यादीसाठी हेच माप धरतात, कारण हाड ताणता येत नाही. बून अँड क्रॉकेट क्लबच्या मुख्य यादीत अलास्कन तपकिरी अस्वलाला किमान २८ इंच लागतात. कोडियाकवर १९५२ साली मारलेल्या अस्वलाची कवटी ३० १२/१६ इंच भरली होती.

वजन काट्यावर केलं नसेल तर ‘अं’ खूण करा.

गोळीचा क्षण

हा परिच्छेद छोटा ठेवा आणि सत्य ठेवा. मापकाने घेतलेलं अंतर, जनावराची दिशा (आडवं की तिरकं), काडतूस, किती गोळ्या, प्रत्येक गोळीनंतर जनावराने काय केलं, आणि वेळ. काडतूस .३७५ एच अँड एच की .३०-०६ हे एकदा सांगितलं की पुरे, त्यावर पान खर्चू नका. पहिली गोळी मागे लागली असेल तर तसंच लिहा. दाट केस आणि चरबी रक्त शोषून घेतात, त्यामुळे जखमी अस्वलाच्या रक्ताचा माग फार थोडा मिळतो, आणि आल्डरच्या जाळीत त्याच्यामागे जाणं हा या शिकारीतला सर्वांत जोखमीचा भाग आहे. किती मिनिटं थांबलात, कोण पुढे होतं, काय दिसत नव्हतं, हे सगळं लिहा. सोपा नेम असल्याचं दाखवायला हा भाग गाळणारे वाचकाला आणि पुढच्या शिकाऱ्याला फसवतात.

यानंतरचं काम तर बहुतेकजण गाळतातच. मोठ्या नराचं ओलं कातडं आणि कवटी मिळून ४५ किलोच्या वर जातात आणि ते पाठीवर वाहून आणायचं असतं. पंजे शेवटच्या सांध्यापर्यंत सोलायचे, कान उलटे करायचे, ओठ चिरून उघडायचे, मांस-चरबी खरवडायची, मग बारीक, बिनआयोडीनचं मीठ चोळायचं. कातड्याच्या वजनाइतकं मीठ लागतं. चरबी राहिली की मीठ आत मुरत नाही, जिवाणू वाढतात आणि केस पुंजक्यांनी सुटतात. नर-मादी ओळखण्याची खूण कातड्याला लागलेली राहावी लागते. मांस शिजवल्याचा प्रसंग असेल तर ते आतपर्यंत ७४ अंश सेल्सियसला शिजवलं का, तेही सांगा. अस्वलाच्या मांसातले ट्रिकिनेला कृमी गोठवूनही मरतातच असं नाही, आणि अर्धकच्च्या भाजलेल्या तुकड्याचं रसभरीत वर्णन वाचून कुणीतरी तसंच करून पाहील.

गोष्ट हातची सुटते कशी

१४ नोव्हेंबर १९०२ ला मिसिसिपीत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला. वाटाड्या होल्ट कॉलियरने पकडून झाडाला बांधलेलं ते पुरं वाढलेलं, जखमी काळं अस्वल होतं, आणि नंतर रूझवेल्ट यांच्याच सांगण्यावरून ते सुरीने मारलं गेलं. क्लिफर्ड बेरीमनच्या व्यंगचित्रांत ते पुढे लहान, गोंडस होत गेलं, त्यातून टेडी बेअर आला, आणि सुरी गोष्टीतून गळाली. फरसाठी जनावरं धरणाऱ्या ह्यू ग्लासचंही तसंच: १८२३ मध्ये ग्रिझलीने त्याला फाडलं, पण त्या प्रसंगाचं त्याच्या हातचं एक अक्षर नाही. पहिली छापील हकीकत १८२५ ची, तीही दुसऱ्याने लिहिलेली. त्यानंतर प्रत्येकाने आपापली भर घातली.

म्हणून पहिला खर्डा तळ उठवण्याआधी करा आणि तो सोबत्याला वाचून दाखवा. त्याची आठवण वेगळी पडली, तर भांडून एक करू नका. तुमचं ४० मीटर आणि त्याचं ६०, दोन्ही ठेवा.

परतल्यावर कवटी आणि कातडं वन्यजीव खात्याकडे नेऊन मोहोर लावून घ्यावी लागते. तिथे कवटी मोजतात आणि एक छोटा दात काढून घेतात. दातातली वलयं मोजून वय ठरतं, आणि ते कळायला काही महिने जातात. विक्रमासाठी कवटीचं अधिकृत मापही साठ दिवस वाळवल्यावरच घेतात. हकीकतीच्या शेवटी या दोन आकड्यांसाठी जागा कोरी सोडा.