रॉकेलवर चालणारे रॉकेट इंजिन विकसित करताना या चुका टाळा

रॉकेल हे ओळखीचे इंधन आहे. ते साध्या तापमानाला द्रवरूप राहते, हायड्रोजनपेक्षा त्याची घनता कितीतरी जास्त असल्यामुळे त्याला लहान टाकी पुरते, आणि म्हणूनच व्यावसायिक प्रक्षेपकांच्या पहिल्या टप्प्यासाठी द्रवरूप ऑक्सिजन व शुद्ध केलेले रॉकेल ही जोडी अनेकांनी निवडली आहे. मात्र या ओळखीमुळे नवे गट बेसावध राहतात. पूर्ण दाबावर इंजिन कसे चालेल याच्या गणितात त्यांचे महिनेच्या महिने जातात आणि इंजिन सुरू कसे होईल व बंद कसे होईल, याचा विचार मागे पडतो. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

प्रेशरचा स्टोव्ह वापरलेल्यांना हे चटकन पटेल. बर्नर पुरेसा तापण्याआधी पंप मारला, तर कच्चे रॉकेल वर येते आणि भडका उडतो. इंजिनात ठिणगी काही मिलिसेकंदांनी उशिरा पडली, तर तेवढ्या अवधीत साचलेले मिश्रण एकदम पेटते आणि दाबाच्या धक्क्याने इंजेक्टर, म्हणजे इंधन व ऑक्सिजन ज्वलनकक्षात फवारणारा भाग, फुटू शकतो. न पेटलेले रॉकेल द्रवरूप ऑक्सिजनमध्ये मिसळून गोठले, तर साध्या आघातानेही स्फोट होऊ शकेल असा लगदा तयार होतो. म्हणून झडपेला आज्ञा केव्हा दिली एवढ्यावर न थांबता ती प्रत्यक्षात केव्हा उघडली, तेही उणे 183 अंशांच्या ऑक्सिजनने गारठलेली असताना, हे प्रत्येक चाचणीत नोंदवले पाहिजे.

इस्रोच्या 2000 किलोन्यूटन क्षमतेच्या अर्धक्रायोजेनिक (ऑक्सिजन अतिथंड, पण रॉकेल साध्या तापमानाचे) इंजिनाच्या चाचण्यांचा क्रम यासाठी अभ्यासण्यासारखा आहे. महेंद्रगिरी येथे 1 जुलै 2023 रोजी मुख्य ज्वलनकक्ष वगळून उरलेल्या यंत्रणेची साडेचार सेकंदांची चाचणी योजली होती. 1.9 सेकंदांपर्यंत सर्व काही अपेक्षेप्रमाणे चालले. मग पंप फिरवणाऱ्या टर्बाइनमधील दाब अचानक वाढला, तिचा वेग घटला आणि चाचणी थांबवण्यात आली. त्यानंतर 2 मे 2024 रोजी प्रीबर्नरच्या (टर्बाइन फिरवणारा तप्त वायू तयार करणाऱ्या छोट्या ज्वलनकक्षाच्या) प्रज्वलनाची स्वतंत्र चाचणी यशस्वी झाली. त्यात ऑक्सिजनच्या संपर्कात येताच आपोआप पेटणारे, ट्रायइथाइल अॅल्युमिनियम आणि ट्रायइथाइल बोरॉन यांचे मिश्रण वापरले होते. पुढे 28 मार्च 2025 रोजी यंत्रणेची अडीच सेकंदांची चाचणी पार पडली. बाहेरच्या माणसाला अडीच सेकंद क्षुल्लक वाटतील. इंजिन घडवणाऱ्याला त्यांचे मोल कळते.

दुसरी चूक शीतलनाची. ज्वलनकक्षाच्या भिंतीतील अरुंद मार्गांतून रॉकेल खेळवून ती थंड ठेवतात, पण रॉकेल जास्त तापले की त्याचा कोळसा होऊन मार्गांत बसतो. स्टोव्हला पिन मारावी लागते ती याच काजळीमुळे. इंधनात गंधक असेल, तर ते भिंतीतील तांब्यालाही खाते. प्रवाह तेवढाच असताना शीतलन मार्गातील दाबघट चाचणीगणिक वाढत असेल, तर कोळसा धरू लागला आहे असे समजून आधी भिंतीचे तापमान व इंधनाचा दर्जा तपासावा. चेन्नईच्या अग्निकुलने 30 मे 2024 रोजी श्रीहरिकोटाहून उडवलेल्या यानात त्रिमितीय छपाईने एकसंध घडवलेले इंजिन होते. या पद्धतीत सांधे कमी होतात; मात्र असे इंजिन करणाऱ्यांनी छपाईची धातूभुकटी मार्गांतून पूर्ण निघाल्याची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ज्वलन स्थिर दिसते म्हणून ते स्थिर आहे असे मानणे ही तिसरी चूक होय. अमेरिकेच्या चंद्रमोहिमांच्या सॅटर्न-5 रॉकेटसाठीचे एफ-1 इंजिन जून 1962 मध्ये ज्वलनातील दाबलहरींमुळे चाचणीत उद्ध्वस्त झाले. तेव्हा अभियंत्यांनी चालू इंजिनाच्या ज्वलनकक्षात मुद्दाम लहान स्फोट घडवून पाहिले, इंजेक्टरवर आडपडदे बसवले, आणि उठवलेली लहर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत आपोआप शमू लागेपर्यंत रचना बदलत राहिले. साध्या दाबमापकाला अशा लहरी दिसतच नाहीत. सेकंदाला हजारो नोंदी घेणारे संवेदक पहिल्या चाचणीपासूनच हवेत.

ऑक्सिजनच्या बाजूची स्वच्छता ही कारागिराची बाब समजून मुख्य अभियंत्याने सोडून देऊ नये. 28 ऑक्टोबर 2014 रोजी अमेरिकेतील वॉलप्स येथून सुटलेले अँटारेस रॉकेट काही सेकंदांतच कोसळले. ऑक्सिजन पंपातील फिरता भाग स्थिर भागाला घासला आणि पंपाने पेट घेतला. ऑक्सिजनमध्ये धातूही जळतो. त्यामुळे एखादा कण किंवा बेअरिंगच्या खाचेतील यंत्रणदोषही पुरेसा ठरू शकतो.

बंद होण्याकडे तर सर्वांत कमी लक्ष जाते. 3 ऑगस्ट 2008 रोजी स्पेसएक्सच्या फाल्कन-1 रॉकेटच्या तिसऱ्या उड्डाणात पहिल्या टप्प्याचे नवे, इंधनानेच थंड होणारे इंजिन वेळेवर बंद झाले, परंतु शीतलन मार्गांत उरलेल्या इंधनामुळे थोडा रेटा शिल्लक राहिला आणि विलग झालेला टप्पा पुढच्या टप्प्यावर जाऊन आदळला. जमिनीवर हे कळले नव्हते, कारण तो उरलेला दाब सभोवतालच्या हवेच्या दाबापेक्षाही कमी होता. निर्वातात मात्र तेवढाही पुरला. चूक दुरुस्त झाली ती इंजिन बंद करणे आणि टप्पे विलग करणे यांतील वेळ वाढवून, आणि 28 सप्टेंबर 2008 रोजी त्याच प्रकारच्या इंजिनासह चौथे यान कक्षेत पोहोचले.