सावली नाहीशी होते तेव्हा काय करायचं

तत्त्वज्ञान सुरू कुठून करायचं, असं माझ्या संध्याकाळच्या वर्गात नवीन आलेलं प्रत्येकजण विचारतं. पुस्तकांची यादी हवी असते. मी आधी गच्चीवर पाठवते.

पुण्यात १३-१४ मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. (जुलैअखेर पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांचा भरवसा नाही.) सपाट जागी स्टीलचा उभा डबा ठेवा आणि टोपी घालून थोडं आधीच जाऊन बसा. सावली आखडत जाते, डब्याच्या बुडाशी येते आणि दिसेनाशी होते.

त्या वेळी मोबाइल खिशातच राहू द्या, हे मी अगदी कळकळीने सांगते. उत्तर आयतं हाती आलं की नवल तिथल्या तिथे विरतं. आधी मनात आलेले प्रश्न वहीत लिहा, कितीही बाळबोध वाटोत. आश्चर्य वाटलं म्हणूनच माणसं तत्त्वचिंतनाकडे वळली, असं ॲरिस्टॉटल सांगतो. आणि सुरुवात हाताशी असलेल्या कोड्यांपासून झाली, चंद्र-सूर्य-तारे नंतर आले.

मग प्रश्न निवडायला बसा. 'आजच का?' याचं उत्तर भूगोलात मिळतं: पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि उत्तरेकडे सरकणारा सूर्य या दिवसांत तिथवर पोचतो. हे नीट समजून घ्या, अर्धवट सोडू नका. तरी एक प्रश्न उरतोच. मघाशी होती ती सावली म्हणजे काय होतं? एखादी वस्तू, की नुसता उजेडाचा अभाव?

यावर आपल्याकडे मोठा वाद झालाय. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक (वेदवाक्यांचा अर्थ लावणारे तत्त्वज्ञ) म्हणत, अंधार हे द्रव्यच, म्हणजे खरीखुरी वस्तूच आहे. तो काळा दिसतो, हलतो. आणि रंग, गती द्रव्यालाच असतात. वैशेषिकांचं, म्हणजे जगातल्या गोष्टींची वर्गवारी करणाऱ्या दर्शनाचं म्हणणं, रंगीत वस्तू दिसायला उजेड लागतो, अंधार तर उजेड नसतानाच दिसतो. मग तो द्रव्य कसला?

वैशेषिकांचं लगेच पटेल. म्हणूनच काही दिवस मुद्दाम मीमांसकांची बाजू घ्या आणि घरात कुणाशी तरी वाद घाला. अभाव डोळ्यांना दिसतो कसा? टेबलावर चष्मा नाही, हे तुम्ही पाहता, की न दिसण्यावरून जाणता? इथे मला आजही थरारायला होतं. कारण नैयायिक, म्हणजे वैशेषिकांना जवळचे असलेले न्यायदर्शनाचे लोक म्हणतात, अभावही प्रत्यक्षच दिसतो. भाट्ट, म्हणजे कुमारिलांच्या परंपरेतले मीमांसक मात्र त्यासाठी अनुपलब्धी (वस्तू न आढळणं) हे वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं वेगळं साधन मानतात.

एवढं डोक्यात घोळायला लागलं की अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह', म्हणजे न्याय-वैशेषिकांची ओळख करून देणारा छोटा ग्रंथ मागा. मराठी विवरण असलेली प्रत बघा, आणि तिच्यात त्याचीच 'दीपिका' टीका आहे ना, हे पाहून घ्या. पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. नऊ द्रव्यं सांगितली आहेत तिथली दीपिका उघडा. अंधाराला दहावं द्रव्य का मानायचं नाही, हा वाद तिथे थोडक्यात आहे. तो पटला नाही तर का पटला नाही ते वहीत लिहा, आणि मगच अभावाच्या भागाकडे वळा.