‘काटक असतात ह्या बायका’

लेबर रूममधला भेदभाव, बाळंतिणीचे हक्क असल्या विषयावर काम करायचंय म्हणणाऱ्या पोरींचे मला अधूनमधून मेसेज येतात. कुणी नुकतीच जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेली, कुणी दीड वर्षाच्या मिडवाइफरी म्हणजे सुईणपणाच्या कोर्सला निघालेली. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ताई, सर्टिफिकेट कुठलं करू?’

कुठलंही कर. मी चार केलीत. फाइलला लावायला बरी असतात. दोन तासांचे व्हिडिओ बघून ‘सन्मानपूर्वक मातृत्व सेवा’ येत असती, तर मी जे सांगणार आहे ते घडलंच नसतं. माझं पहिलं सर्टिफिकेट त्याच्या आधीचं आहे.

नर्सच्या नोकरीचं तिसरं वर्ष, जानेवारी महिना. गळीत हंगाम भरात होता. मी तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातल्याच एका दवाखान्यात होते, नाव घेत नाही. बीडकडच्या ऊसतोड टोळीतली एक बाई रात्री ट्रॅक्टरमधून आली. तिसरी खेप. कपड्यांना उसाचं कुसळ अजून चिकटलेलं. कळा जोरात होत्या, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. शेजारच्या टेबलावर एका नोकरदाराची बायको होती. ती ओरडून दवाखाना डोक्यावर घेत होती. मी सोबतच्या स्टुडंटला म्हणाले, ‘बघ, काटक असतात ह्या बायका.’

दोन वाजून दहा मिनिटांनी ती मोकळी झाली. रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, वार पूर्ण पडली, मी पेपरवर ‘रक्तस्राव नेहमीइतका’ असं लिहिलं आणि शेजारच्या टेबलाकडे वळले. पुढच्या पाऊण तासात तिकडे तीनदा गेले, हिच्याकडे एकदाही नाही. ती गप्प होती ना.

आयामावशी पुसायला आल्या आणि थांबल्या. ‘सिस्टर, हिकडं या आधी. खालचं कापड बघा.’ कापड नाही, गादी भिजली होती. नाडी १२६. आकसून घट्ट व्हायला हवं ते गर्भाशय मळलेल्या कणकेसारखं मऊ. मग डॉक्टरांना हाक, पोटावरून मसाज, दोन्ही हातांना सलाइन, १०८ला फोन. ती वाचली. माझ्यामुळे नाही, मावशींमुळे.

चौथ्या दिवशी मी तिला भेटायला गेले. ‘सांगितलं का नाहीस गं, चक्कर येतेय म्हणून?’ ती म्हणाली, ‘वरडलं की हाणतेत.’ पहिल्या बाळंतपणात एका सिस्टरनं तिच्या मांडीवर चापट मारली होती. तेव्हापासून ती दवाखान्यात तोंड उघडत नव्हती. ज्याला मी काटकपणा म्हणत होते, तो आमच्याच टेबलावर शिकवलेला गप्पपणा होता.

हा सापळा नीट समजून घ्या, कारण तो शिवीसारखा दिसत नाही, कौतुकासारखा दिसतो. ‘कामाची सवय असते’, ‘शेतात बाळंत होतात’, ‘आपल्यासारख्या नाजूक नसतात’. यातलं एकही वाक्य आपण डॉक्टरच्या सुनेबद्दल बोलत नाही. जिच्या जातीचा, रंगाचा, गावाचा अंदाज आपण दारातच बांधलेला असतो, तिच्याच वाट्याला हे येतं. अमेरिकेत हेच वर्णाच्या नावानं चालतं. २०१६ साली व्हर्जिनियातल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची आणि निवासी डॉक्टरांची पाहणी झाली. काळ्या लोकांची कातडी जाड असते, असल्या खोट्या समजुतींपैकी निदान एक तरी निम्म्या जणांना खरी वाटत होती. २०२१ साली तिथे लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या २६.६. सगळं त्या एका समजुतीमुळे नाही. पण वेदना मोजायच्या आधी माणूस मोजला जातो, हे तिथेही आहे आणि इथेही.

उपाय कंटाळवाणा आहे. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, गर्भाशय, पॅड. ओरडणारी असो, गप्प असो, ओळखीची असो. मी मोबाइलला गजर लावते, स्टाफ हसतो. आणि रक्त डोळ्यांनी मोजू नका, अंदाज हमखास कमी पडतो. आफ्रिकेतल्या चार देशांत रक्त मोजणारी पिशवी अंगाखाली ठेवून सगळे उपचार एकदम सुरू करण्याचा प्रयोग झाला, २०२३ साली निकाल आला. गंभीर गुंतागुंती ६० टक्क्यांनी कमी झाल्या. सावळ्या बाईचा फिकेपणा चेहऱ्यावर शोधू नका, खालची पापणी ओढून बघा, जीभ बघा. बाळ ‘गुलाबी’ आहे का, हेही आपल्याकडे त्याच्या ओठांवर आणि जिभेवर बघायचं.

आता जातीचा रकाना. दवाखान्यात बाळंत झालं की जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये आपल्या राज्यात खेड्यातल्या दारिद्र्यरेषेखालच्या आणि एससी, एसटी बाळंतिणींना मिळतात, म्हणून जात विचारावीच लागते. पण भरल्या वॉर्डात ‘एससी कोण कोण हाय गं, हात वर करा’ असं मी स्वतः ऐकलंय. एका पोरीनं हात वर केला नाही, पैसे सोडले. खाटेजवळ जाऊन हळू विचारायला अर्धा मिनिट लागतो.

हे बोललात की उत्तर येतं, ‘शाहू महाराजांच्या कोल्हापुरात असलं काही नसतं.’ भांडू नका. महाराजांना १९१९ साली दवाखान्यांतसुद्धा अस्पृश्यांना समान वागणूक द्या असा हुकूम काढावा लागला, एवढं सांगा. नसतंच, तर काढला कशाला असता? आपल्या आज्यांची नाळ कापायला मांगवाड्यातली सुईण चालायची, बारशाला तीच उंबऱ्याबाहेर बसायची. हे फार जुनं नाही.

स्पष्टच सांगते, त्रास होईल. ‘लीडरबाई’ म्हणतील, नाइट जास्त लागतील. इन्चार्जशी सगळ्यांसमोर वाद घालू नका, मी घातला आणि आठ महिने फुकट घालवले. लेखी कागद जवळ ठेवा. लेबर रूम सुधारण्याचा २०१७चा ‘लक्ष्य’ कार्यक्रम सरकारचाच आहे. सोबत बाईमाणूस असू द्यावं, मारू-ओरडू नये, हे त्यातच आहे. ‘वरूनच आलंय’ म्हटलं की निम्मा विरोध गळतो. आणि घाबरू नका हो. एका शिफ्टमध्ये एक चापट थांबली तरी ते काम झालेलंच असतं.

गुरू शोधताय तर स्टेजवर बोलणाऱ्या मॅडम सोडा. तुमच्या वॉर्डातली सगळ्यात जुनी आया शोधा. कुणाला कोण कसं बोलतं, कुठल्या खाटेकडे शेवटी जातात, तिला सगळं पाठ असतं. मावशी आता रिटायर झाल्यात, फुलेवाडीला राहतात. मी गेले की चहा टाकतात आणि आधी विचारतात, ‘कापड उचलून बघतीस न्हवं?’