रॅकचं चित्र काढताना यंत्र यूलाच चिकटू द्या

"सत्ताविसाव्या यूमधला सर्व्हर काढ म्हणतेस, पण तो तर अठ्ठाविसाव्यात आहे!" रॅकसमोर, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या उंच सांगाड्यासमोर, उभ्या असलेल्या सहकाऱ्याने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्यापुढे मी व्हिजिओ या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेलं चित्र उघडं होतं. सर्व्हर दोन्ही यूंवर, म्हणजे रॅकमधल्या ठरावीक उंचीच्या खणांवर, अर्धा अर्धा पसरला होता आणि मी त्यातला खालचा आकडा वाचला होता. त्याने ओढण्याआधी विचारलं म्हणून बरं.

दोष स्नॅपिंगचा, म्हणजे आकार जवळच्या कडेला किंवा रेषेला आपोआप चिकटण्याचा होता. १यू म्हणजे ४४.४५ मिमी. खरं १यू यंत्र मात्र जेमतेम ४३.६६ मिमी उंच असतं, कारण यंत्र आतबाहेर सरकवायला वर आणि खाली जरा फट लागते. मी खऱ्या मापाचे आकार वापरून प्रत्येक यंत्र खालच्याच्या कडेला चिकटवत गेले. दरवेळी पाऊण मिलिमीटरभर खाली. खाली २७ यंत्रं असली की ही घसरण साधारण २१ मिमी होते, म्हणजे जवळजवळ अर्धा यू.

म्हणून आधी हे चिकटणं बंद करा. ऑल्ट आणि एफ९ एकत्र दाबलं की स्नॅप अँड ग्लूची चौकट उघडते. 'स्नॅप टू'खालच्या यादीतून शेप जॉमेट्री, अलाइनमेंट बॉक्स, शेप एक्स्टेन्शन्स, शेप हँडल्स आणि शेप व्हर्टिसीज यांच्या खुणा काढा. रूलर सबडिव्हिजन्सचीही काढा, कारण पट्टीचे भाग आणि यू यांचा मेळ बसत नाही. डायनॅमिक ग्रिडही बंद करा. शेजारच्या आकाराशी जुळवून देणारी ती सोय एरवी फार कामाची आहे, पण रॅकमध्ये नको. खुणा ठेवायच्या त्या फक्त ग्रिड (पानावरच्या मदतरेषा) आणि कनेक्शन पॉइंट्सच्या (आकारांवरच्या जोडबिंदूंच्या).

आता ग्रिड यूच्या मापाचं करू. रूलर अँड ग्रिडच्या चौकटीत उभं अंतर 'फिक्स्ड' करून ४४.४५ मिमी टाका. हे 'फिक्स्ड' विसरू नका. नाहीतर झूम बदललं की ग्रिडचं अंतरही बदलतं आणि सकाळी नीट बसलेला आकार दुपारी भलत्याच रेषेवर जातो. ग्रिडचा आरंभबिंदू रॅकच्या पायाशी नाही, पहिल्या यूच्या खालच्या रेषेवर ठेवा, कारण रॅकला तळाची चौकट असते आणि ती कुठल्याच यूत मोजत नाहीत. पट्टीचा शून्यही तिथेच आणा. मग विसाव्या यूचा तळ पट्टीवर ८४४.५५ ला आला पाहिजे. ४४.४५ उंचीचा साधा आयत ओढून बघा. दोन रेषांमध्ये तो बरोबर मावला नाही, तर पानाची स्केल तपासा.

व्हिजिओच्या रॅक स्टेन्सिलमधली, म्हणजे तयार आकारांच्या संचातली, यंत्रं रॅकच्या कनेक्शन पॉइंट्सना ग्लू होतात, म्हणजे जोडलेली राहतात. ती असतील तर काम सोपं. रॅक हलवला की यंत्रंही सोबत जातात. 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबवर स्नॅपची ताकद पिक्सेलमध्ये ठरवता येते. आकडा जितका मोठा, तितक्या लांबून आकार ओढला जातो. मी कनेक्शन पॉइंट्सची ताकद ग्रिडपेक्षा जास्त ठेवते, म्हणजे दोन्ही जवळ असले तर यंत्र रॅकलाच धरतं.

उत्पादकाच्या स्टेन्सिलमधला आकार ४३.६६ चा असेल तर मी तो ताणत नाही, त्याने पुढच्या बाजूचं चित्र बिघडतं. त्याचा तळ ग्रिडच्या रेषेवर ठेवते आणि वर राहिलेली बारीक फट तशीच दिसू देते. प्रत्यक्षातही ती असतेच.

एवढं जमलं की एक रिकामा रॅक ठेवून फाइल टेम्प्लेट म्हणून जतन करा. स्नॅपच्या खुणा फाइलबरोबर राहतात, ग्रिड पानाबरोबर. जुन्या फाइलीत मात्र हे सगळं पुन्हा करावं लागतं. मी तिथे सगळ्यात वरच्या यंत्रापासून तपासायला सुरुवात करते. घसरण झाली असेल तर ती तिथेच सर्वात जास्त दिसते.