स्कायरिम गेमचा जुना मॉड (खेळाडूंनी बनवलेला फेरबदल) घ्यायचा की सोडायचा?

तारखेपेक्षा फाइलचा प्रकार बघा. सुट्या फाइलींतला टेक्श्चर मॉड (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं बदलणारा) 2012चा असला तरी स्पेशल एडिशनवर, म्हणजे गेमच्या 2016च्या नव्या आवृत्तीवर, बहुधा चालतो. मूळ 2011च्या गेमची बीएसए फाइल (अनेक फाइलींचा एकत्र गठ्ठा) मात्र तशीच टाकू नका, गेम कोसळेल. ती सोडवून नव्याने बांधावी लागते. प्लगइन (मॉडचे बदल गेममध्ये आणणारी फाइल) फॉर्म 43चा, म्हणजे मूळ गेमच्या स्वरूपाचा असेल, तर क्रिएशन किट या मॉड बनवायच्या साधनात उघडून सेव्ह करा, स्पेशल एडिशनचा 44 होतो. फक्त गेमच्या 1.5.97 आवृत्तीसाठीची डीएलएल (मॉडच्या कोडची फाइल) 1.6वर चालत नाही. तिथे डीएलएलची नवी आवृत्तीच हवी. स्क्रिप्टवाला मॉड चालू खेळात काढू किंवा बदलू नका, सेव्हमध्ये त्याचे अवशेष राहतात. आणि घोडबंदर रोडला ऐन सेव्ह होताना लाइट गेली, तर खापर मॉडवर फोडू नका.