मेथीचे माप: मधुमेहींनी दाणे कसे घ्यावेत

गोव्यात मधुमेहावरचे घरगुती उपाय शोधत फिरावे लागत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कारली निवडत उभे राहिले, तरी दोन-चार उपाय आपोआप कानावर पडतात. त्यात नवल नाही, कारण 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात 11.4 टक्के, तर गोव्यात 26.4 टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, आढळले. या उपायांपैकी मेथीवर आहारशास्त्रज्ञांनी मोजमापाने काम केलेले असल्याने येथे तिचाच विचार केला आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील आर. डी. शर्मा, टी. सी. रघुराम आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, टाइप 1 च्या रुग्णांना तेलांश काढलेली 100 ग्रॅम मेथीपूड रोज दोन जेवणांत विभागून दहा दिवस दिली. त्यांची उपाशीपोटीची साखर उतरली आणि लघवीवाटे जाणारी साखर 54 टक्क्यांनी घटली. टाइप 2 वरील कामात 25 ग्रॅमचे माप वापरले गेले. रुग्ण मोजके होते आणि दिवसही थोडे, हे विसरू नये. तरीही माप लक्षात घेण्याजोगे आहे, कारण आपण रात्री पेल्यात भिजत टाकतो तो चहाचा चमचा जेमतेम 4 ग्रॅमचा असतो. उडदामेथीच्या कालवणात तर अख्ख्या घराला मिळून तेवढीच मेथी पडते. ती चवीसाठी, औषधासाठी नव्हे.

मेथीदाण्याचा जवळपास निम्मा भाग तंतूंचा असतो. त्यातील विरघळणारा गॅलॅक्टोमॅनन पाणी शोषून बुळबुळीत होतो, त्यामुळे पोटातील अन्न सावकाश पुढे सरकते आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. म्हणून सकाळी नुसते पाणी पिऊन दाणे फेकून देणे म्हणजे मुख्य वस्तूच टाकणे होय, आणि मेथी जेवणासोबत घेणेच सयुक्तिक ठरते. भिजलेले दाणे वाटून नाचणीच्या भाकरीच्या पिठात मळावेत किंवा ताकात कालवावेत. गूळ घातलेला मेथीचा लाडू मात्र या हिशेबात धरू नये.

सुरुवातीआधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर हे विशेष आवश्यक आहे, कारण मेथीची भर पडून रक्तातील साखर 70 च्या (मि.ग्रॅ. प्रति डेसीलिटर) खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. गरोदर स्त्रियांनी, रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी आणि शेंगदाणे किंवा चण्यांची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांच्या संमतीशिवाय मेथीचे असे माप घेऊ नये.

पहिला आठवडा मेथीविना, एरवीच्याच जेवणाने काढावा. रोजचा नाश्ता, समजा दोन उंडे (गोव्याचे गोल पाव) आणि पातळभाजी, तोच ठेवून उपाशीपोटीची आणि नाश्त्यानंतर दोन तासांची साखर वहीत लिहावी. पुढच्या आठवड्यात त्याच नाश्त्यासोबत एक चमचा वाटलेली मेथी घ्यावी. पोट फुगले नाही, जुलाब झाले नाहीत, तर आठवड्याला एक चमचा वाढवत तीन चमच्यांपर्यंत जावे आणि त्यापुढची वाढ डॉक्टरांवर सोपवावी. ग्लुकोमीटरच्या मानकात 100 च्या वरच्या आकड्यांना 15 टक्क्यांपर्यंत फरकाची मुभा आहे, त्यामुळे 180 चे 165 झाले एवढ्यावर हुरळून जाऊ नये. अनेक दिवसांच्या नोंदींची सरासरी पाहावी.

कारल्यांबद्दल 2012 च्या कोक्रेन आढाव्यात (प्रसिद्ध प्रयोगांची एकत्रित छाननी) पुरेसा पुरावा मिळाला नाही. भाजी खुशाल खावी. कुंडीतल्या ‘इन्सुलिनच्या झाडा’च्या पानांत इन्सुलिन नसते, आणि असते तरी ते पोटात पचूनच गेले असते. दुधीचा रस कडू लागला तर तो त्वरित ओतून द्यावा, कारण त्यातील कुकुर्बिटासिन विषारी असते.

तीन महिन्यांनी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्यावे आणि वही सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवावी. गोळी कमी करायची की नाही, हे तेच ठरवतील. तोवर एकही गोळी चुकवू नये.